मोंद्रागोनचे सहायक धर्मगुरू

'सामाजिक उद्योजकता' हा शब्दप्रयोग अलीकडे व्याख्यानांत, वर्तमानपत्रांत आणि महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमांत वारंवार कानी पडतो. बेकारी, विषमता, पोटासाठी होणारे स्थलांतर हे साऱ्या जगाला ग्रासणारे प्रश्न आहेत. त्यांना एकटे सरकार पुरे पडत नाही आणि एकटा दानधर्मही पुरा पडत नाही. तेव्हा हिशेबाची बाजू सांभाळून समाजाचे हित साधणारे उद्योग उभारावेत, असा त्याचा आशय. आशय चांगलाच आहे. मात्र या विषयावरील लेखनात एक गोष्ट आम्हांला खटकते. तेथील नायक हा बहुधा एखादा कल्पक, तडफदार गृहस्थ असतो. त्याला युक्ती सुचते, तो भांडवल मिळवितो आणि दोन-चार वर्षांत सारे पालटून टाकतो. इतिहासात या कामाचे जे एक थोर उदाहरण आम्हांला ठाऊक आहे, त्याची घडण अगदी निराळी आहे. तेथे पहिला कारखाना उभा राहावयास पंधरा वर्षे लागली, आणि ज्यांच्यामुळे तो उभा राहिला त्यांच्या नावावर त्यातील एक भागही नव्हता. ते एका गावातील सहायक धर्मगुरू होते, आणि अखेरपर्यंत त्याच गावात राहिले.

उत्तर स्पेनच्या बास्क प्रदेशात, गिपुस्कोआ प्रांतात, डोंगरांच्या कुशीत मोंद्रागोन हे गाव वसले आहे. बास्क भाषेत त्याला आरासाते म्हणतात. लोखंडकाम हा या खोऱ्याचा पिढीजात व्यवसाय. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे 'उनिओन सेर्राहेरा' नावाची कुलपे व लोखंडी सामान बनविणारी कंपनी उभी राहिली आणि हळूहळू सारे गावच तिच्या भोंग्यावर उठू-बसू लागले. बाप कारखान्यात असला तर मुलाला कंपनीच्या उमेदवारी शाळेत प्रवेश. नसला तर त्याने आपला मार्ग शोधावा, अशी रीत होती.

५ फेब्रुवारी १९४१ रोजी होसे मारिया आरिस्मेंदिआरिएता या गावी आले, तेव्हा त्यांचे वय पंचविशीचे होते आणि गुरुदीक्षा होऊन दोन महिनेही झाले नव्हते. गाव कसे होते? ऑक्टोबर १९३४ च्या कामगार उठावात कंपनीच्या चालकांपैकी एक आणि संसदेचे सदस्य असलेले मार्सेलिनो ओरेहा यांची याच गावात हत्या झाली होती. दोन वर्षांनी यादवी युद्ध पेटले आणि पारडे फिरले. जनरल फ्रँको यांच्या सैन्याने गाव ताब्यात घेतले, आणि ऑक्टोबर १९३६ मध्ये धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू होआकिन आरिन व त्यांचे दोन सहायक अशा तिघांना गोळ्या घालण्यात आल्या. ठपका होता बास्क राष्ट्रवादाचा. धर्मरक्षणाची घोषणा करीत आलेल्या सैन्याने वेदीवरच्या धर्मगुरूंनाच ठार करावे, हा त्या युद्धातील विपर्यास विसरता येण्याजोगा नाही. युद्ध चालू असतानाच गिपुस्कोआ आणि शेजारचा बिस्काय हे दोन प्रांत देशद्रोही ठरवून त्यांचे जुने आर्थिक अधिकार काढून घेण्यात आले होते. बास्क भाषा चारचौघांत बोलणेही संशयास्पद झाले होते. भूक होती, क्षय होता, आणि एका गल्लीतील माणसे दुसऱ्या गल्लीतील माणसांकडे पाहत नव्हती. ज्या घरात तीन धर्मगुरू राहत होते व मारले गेले, त्या धर्मग्रामात हे नवे सहायक रुजू झाले.

गावकरी त्यांना 'डॉन होसे मारिया' म्हणू लागले. (हिंदी चित्रपटांनी या शब्दाचे जे काही केले आहे ते बाजूला ठेवून वाचकांनी तो आदरार्थी समजावा. आम्हीही येथून पुढे तोच वापरतो; पूर्ण नाव पुन:पुन्हा लिहिणे लेखणीला आणि मुद्रकाला सारखेच जड.) त्यांचा जन्म २२ एप्रिल १९१५ चा, बिस्कायमधील मार्किनाजवळच्या बारिनागा येथील शेतकरी घराण्यातला. तीन वर्षांचे असताना अपघातात त्यांचा एक डोळा गेला. बाराव्या वर्षी ते सेमिनरीत दाखल झाले. युद्धकाळात बिलबाओ येथे 'एगुना' या बास्क भाषेतील दैनिकात त्यांनी काम केले. जून १९३७ मध्ये बिलबाओ पडले, त्यांना तुरुंगवास घडला, आणि तेथून सुटल्यावर ते पुन्हा सेमिनरीत परतले. समाजशास्त्राच्या अध्ययनासाठी बेल्जममधील लुव्हेनला जावे, अशी त्यांची मनीषा होती. बिशपांनी त्यांना मोंद्रागोनला पाठविले.

प्रथमदर्शनी हा माणूस गावाला पसंत पडला नाही. आवाज एकसुरी, भाषा पुस्तकी, प्रवचन कंटाळवाणे. आम्हां धर्मगुरूंच्या जमातीत ज्यांचे रविवारचे प्रवचन रंगत नाही, त्यांना ही नोंद दिलासा देईल! पण प्रवचनपीठावरून जे साधत नव्हते, ते त्यांनी अन्यत्र साधले. तरुणांचे लहान-लहान गट जमवून ते अभ्यासवर्ग घेत. त्यांत फुटबॉल असे, नाटक असे, गावातील घरांची पाहणी असे, आणि पोप तेरावे लिओ यांच्या १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' व पोप अकरावे पायस यांच्या १९३१ च्या 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या परिपत्रकांचे वाचनही असे. ही परिपत्रके आम्हीही सेमिनरीत अभ्यासली. परीक्षेपुरती म्हणावे अशी. डॉन होसे मारिया यांनी ती कुलपे बनविणाऱ्या पोरांपुढे ठेवली. दुसऱ्या परिपत्रकात मजुरीच्या कराराला शक्य तेथे भागीदारीची जोड द्यावी, अशी सूचना आहे. ती वाचून त्या पोरांच्या मनात काय आले असेल, याची कल्पना करता येते.

या वर्गांतून निघालेले पहिले ठोस काम म्हणजे शाळा. कंपनीने आपली उमेदवारी शाळा गावातील सर्व मुलांसाठी खुली करावी, असे त्यांनी सुचविले. कंपनीने नकार दिला. तेव्हा त्यांनी गावात ठिकठिकाणी पेट्या ठेवविल्या: ज्यांना नवी तंत्रशाळा हवी असेल त्यांनी आपले नाव आणि आपण पैशाने, वस्तूने वा श्रमाने काय देऊ शकतो ते लिहून टाकावे. फ्रँको यांच्या राजवटीत मतपेटी ही वस्तूच नाहीशी झाली होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. सुमारे सहाशे चिठ्ठ्या आल्या. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीस विद्यार्थ्यांनिशी शाळा सुरू झाली. तिची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळात पालक, गावकरी आणि देणगीदार होते. कोणाच्याही मेहेरबानीवर ती उभी नव्हती.

आमच्या मते मोंद्रागोनचा खरा इतिहास या वीस मुलांपासून सुरू होतो. पुढील बारा वर्षे बाहेरच्या माणसाला दिसेल असे काहीही घडले नाही. एक सहायक धर्मगुरू सायकलवरून गावात फिरत होता, वर्ग घेत होता, देणग्या मागत होता, एवढेच. शाळेतून निघालेल्या मुलांपैकी अकरा जणांनी पुढे अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. मोंद्रागोनमध्ये विद्यापीठ नव्हते आणि नोकरी सोडणे परवडणारे नव्हते. तेव्हा सारागोसा विद्यापीठाशी बोलून डॉन होसे मारिया यांनी अशी सोय करविली की मुलांनी दिवसा कारखान्यात काम करावे, रात्री गावातच अभ्यास करावा आणि परीक्षेपुरते सारागोसाला जावे. १९५२ साली त्यांचा अभ्यासक्रम पूर्ण झाला. कामगारांची मुले इंजिनियर झाली, आणि आपल्याच कंपनीत अधिकाराच्या जागांवर आली.

येथे कथा संपली असती तर तिचे स्वरूप आपल्या परिचयाचे झाले असते: गरिबाची मुले शिकली, त्यांना चांगल्या नोकऱ्या लागल्या, गावाने सत्कार केला. परंतु या मुलांना नोकरीने समाधान मिळाले नाही. कंपनी नवे भांडवल उभारणार होती, तेव्हा त्यांनी आतून प्रयत्न केला. कामगारांना भाग घेऊ द्यावेत आणि कारभारात स्थान द्यावे, अशी मागणी केली. ती नाकारली गेली. बारा वर्षे ज्यांनी श्रमाची प्रतिष्ठा हा विषय अभ्यासला, त्यांना आता तो विषय आपल्या हाताने सोडवून पाहावा लागणार होता.

त्यांच्यातील पाच जणांनी नोकरी सोडली. लुईस उसातोरे, हेसुस लारान्यागा, आल्फोन्सो गोरोन्योगोइतिआ, होसे मारिया ओर्माएचेआ आणि हाविएर ओर्तुबाय ही त्यांची नावे. या आडनावांच्या आद्याक्षरांतून 'उल्गोर' हे कारखान्याचे नाव तयार झाले. पैसा कोठून आला? बास्क गावांत सायंकाळी मित्रमंडळींनी एका मद्यगृहातून दुसऱ्यात जात थोडी-थोडी वाइन पिण्याची आणि गप्पा मारण्याची प्रथा आहे. या फेऱ्यांतून त्यांनी गोष्ट पसरविली. सुमारे शंभर गावकऱ्यांनी मिळून एक कोटी दहा लाख पेसेता दिले. कारखान्यात काय बनणार आहे, हे देणाऱ्यांना माहीत नव्हते. आश्चर्य म्हणजे ते घेणाऱ्यांनाही पुरते ठरविता आले नव्हते! गावाने विश्वास टाकला तो एखाद्या योजनेवर नव्हे, तर १९४१ पासून आपल्या डोळ्यांसमोर वाढलेल्या मुलांवर. आजच्या उद्योजकाला भांडवलदारांपुढे जो आराखडा सादर करावा लागतो, त्याची जागा येथे पंधरा वर्षांच्या ओळखीने घेतली होती.

नवा कारखाना काढण्यास सरकारी परवाना मिळत नव्हता. म्हणून त्यांनी व्हितोरिआ शहरातील एक डबघाईस आलेला लहान कारखाना त्याच्या परवान्यासह विकत घेतला. १९५६ साली मोंद्रागोनमध्ये नव्या इमारतीची पायाभरणी झाली आणि पॅराफिनवर चालणाऱ्या स्टोव्हचे उत्पादन सुरू झाले. स्टोव्हचा नमुना इंग्लंडच्या 'अलॅडिन' स्टोव्हवरून उचललेला होता. त्यात नवे काही नव्हते. नवे होते ते कारखान्याच्या घटनेत. आणि ती घटना लिहावयास त्यांना आणखी तीन वर्षे लागली. १९५९ मध्ये ती मंजूर झाली.

त्या घटनेचे मर्म थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण येथेच मोंद्रागोनचे वेगळेपण आहे. कारखान्यात काम करणारा प्रत्येक जण सभासद, आणि सभासद नसलेल्यास कारखान्यात स्वामित्व नाही. प्रत्येकाने प्रवेश करताना काही रक्कम भरावयाची. ती साधारणपणे सर्वांत खालच्या श्रेणीच्या वर्षाच्या वेतनाएवढी असे आणि हप्त्यांनी पगारातून फेडता येई. एका सभासदाला एक मत. भाग किती आहेत याचा मताशी संबंध नाही. सर्वसाधारण सभा नियामक मंडळ निवडणार, मंडळ व्यवस्थापक नेमणार. सर्वांत कमी आणि सर्वांत अधिक वेतन यांत एकास तीन हून अधिक अंतर असू नये, असे ठरले. (पुढे हे अंतर वाढले; एकास सहा किंवा काही ठिकाणी त्याहूनही अधिक झाले.) खालच्या श्रेणीचे वेतन आसपासच्या कारखान्यांएवढे असल्यामुळे झळ बसली ती वरच्यांना, उल्गोरच्या व्यवस्थापकाला बाहेर याच कामाचे कितीतरी अधिक मिळाले असते.

दर महिन्यास हाती पडणाऱ्या रकमेला त्यांनी 'मजुरी' म्हटले नाही, 'अग्रिम' म्हटले. वर्षअखेर जे शिल्लक राहील ते सर्वांचे, आणि ही त्यातलीच आगाऊ रक्कम, असा त्यामागील विचार. आपल्याकडे 'उचल' या शब्दाने ऊसतोड मजुराच्या गळ्यातील कर्जाचा बोध होतो. तेथे तोच शब्द मालकीची खूण ठरला. शिलकीतील किमान दहावा हिस्सा शिक्षण आणि लोकोपयोगी कामांसाठी, मोठा हिस्सा राखीव निधीत, आणि उरलेला सभासदांच्या खात्यावर जमा. 'खात्यावर' हा शब्द महत्त्वाचा आहे. ती रक्कम सभासदाला निवृत्त होईपर्यंत काढता येत नसे. तिच्यावरील व्याज मात्र मिळे. घरातील माणसांनी वर्षाचा नफा वाटून न घेता शेतीतच घालावा, तशी ही गोष्ट. सहकाराच्या अनेक प्रयोगांना जो रोग जडतो, म्हणजे सुबत्ता आली की वाटून खाण्याचा, त्याच्यावर पहिल्याच दिवशी औषध योजून ठेवलेले होते. आणि हे औषध कडू होते. आजच्या गरजा डोक्यावर असलेल्या माणसाने ते स्वीकारावे यासाठीच ती बारा वर्षांची शिकवण होती, असे आम्हांला वाटते.

बँकेची हकीकत मजेशीर आहे. तरुण कारखानदार स्टोव्ह विकण्यात गुंतले होते, तेव्हा डॉन होसे मारिया म्हणू लागले की आता आपली स्वतःची बँक हवी. मुलांनी ही कल्पना उडवून लावली. स्टोव्ह बनविता येतात म्हणून बँक चालविता येते काय? त्यांनी वाद घातला नाही. संस्थापकांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, जी सभा कधी भरलीच नाही तिचे इतिवृत्त त्यांनी लिहिले, त्यावर त्यांच्या वतीने सह्याही केल्या, आणि कागद सरकारकडे रवाना केले! एका धर्मगुरूच्या हातून घडलेल्या या कृत्याचे समर्थन आम्ही करणार नाही. नीतिशास्त्राचे आमचे प्राध्यापक ते मान्य करणार नाहीत. पण १९५९ साली 'काहा लाबोराल' ही बँक स्थापन झाली, आणि तिच्यावाचून मोंद्रागोन हे एका कारखान्याचे गाव राहिले असते. बचत गोळा करण्यासाठी त्यांनी गावोगाव जो प्रचार केला त्याचे सार असे होते की, एक तर पासबुक घ्या, नाहीतर गाव सोडण्यासाठी ट्रंक भरा. त्या काळात स्पेनमधून माणसे कामाच्या शोधात बाहेर पडत होती. स्थलांतराच्या प्रश्नाला हे त्यांचे उत्तर होते: गावाचा पैसा गावात राहिला तर गावाची मुलेही राहतील. नव्या सहकारी कारखान्याची आखणी करण्यासाठी बँकेने स्वतंत्र विभाग उघडला. माणसे आणावीत, त्यांच्याबरोबर बसून महिनोन्‌महिने अभ्यास करावा, भांडवल द्यावे आणि कारखाना अडचणीत आला तर व्याज कमी करावे, अशी तिची पद्धत.

त्याच सुमारास सरकारने ठरविले की सहकारी कारखान्यातील सभासद हे मालक आहेत, कामगार नव्हेत; सबब त्यांना सामाजिक विम्याचा लाभ नाही. या आघातातून त्यांनी स्वतःची आजारपण व निवृत्तिवेतनाची व्यवस्था उभी केली. तीच पुढे 'लागुन-आरो' या नावाने स्वतंत्र झाली. १९६६ मध्ये 'आलेकोप' निघाली. तेथे विद्यार्थी अर्धा दिवस शिकत आणि अर्धा दिवस काम करून आपला खर्च भागवीत. १९६९ मध्ये 'आउसो लागुन' ही स्त्रियांची संस्था आली, कारण लग्न झाले की स्त्रीने कारखाना सोडावा ही तेथील रूढी होती, आणि सहकारी कारखानेही तिला अपवाद नव्हते. घर सांभाळून काही तास काम करू इच्छिणाऱ्या विवाहित स्त्रियांनी भोजनालये व स्वच्छतेची कामे हाती घेतली. त्याच वर्षी ग्राहक भांडारे एकत्र येऊन 'एरोस्की' झाली.

वसईच्या वाचकांना यात परिचयाचे काही दिसेल. १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने वसईत कॅथॉलिक सहकारी पतसंस्था स्थापन झाली, तिचीच पुढे बँक झाली. धर्मगुरूने पतपेढीचा विचार करावा ही कल्पना आपल्या समाजाला मोंद्रागोनच्या कितीतरी आधी सुचली होती. सावकाराच्या पाशातून शेतकऱ्याला सोडविणे हे त्या पिढीचे काम होते व तिने ते केले. पण पतपेढी माणसाला कर्जदार म्हणून ओळखते, कामगार म्हणून नव्हे. आपल्या साखर कारखान्यांचेही तसेच. १९५० साली लोणीजवळ प्रवरेचा कारखाना सुरू झाला, विठ्ठलराव विखे-पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी त्यासाठी केलेले परिश्रम सर्वज्ञात आहेत. परंतु तेथे सभासद असतो तो ऊस पिकविणारा. गव्हाणीवर उभा राहणारा कामगार आणि फडात कोयता चालविणारी जोडपी त्या सहकाराच्या कुंपणाबाहेरच राहिली. कुंपण कोठे घालावयाचे, हा सहकारातील खरा प्रश्न आहे. मोंद्रागोनने ते श्रमाभोवती घातले. त्या कुंपणाने पुढे त्यांचीही परीक्षा पाहिली, ती पाहूच.

पहिली परीक्षा आतून आली. १९७४ साली उल्गोरमध्ये तीन हजारांहून अधिक माणसे काम करीत होती. कामांची नव्याने श्रेणी लावण्यात आली. कोणाचे काम किती मोलाचे हे कागदावर मांडले गेले आणि अनेकांना ते अन्यायाचे वाटले. जून महिन्यात काही शेकडो सभासदांनी संप केला. आपल्याच कारखान्यात संप! घटनेत अंतर्गत कारणासाठी संपास मनाई होती. सतरा जणांना सभासदत्वावरून दूर करण्यात आले आणि सर्वसाधारण सभेने तो निर्णय बहुमताने उचलून धरला. गाव दुभंगले. ज्या भावांनी एकत्र शाळा बांधली होती ते एकमेकांशी बोलेनासे झाले. टीका धर्मगुरूंवरही झाली. काढलेल्यांना काही वर्षांनी पुन्हा घेण्यात आले. आमचे मत विचाराल तर, बहुमत कायद्याने बरोबर होते. परंतु तीन हजारांचा कारखाना हा वीस जणांचा वर्ग राहत नाही, ही जाणीव त्यांना उशिरा झाली. समोरासमोरच्या ओळखीवर जे उभे होते, ते मोठे झाल्यावर कशावर उभे राहणार? मोंद्रागोनने त्यानंतर कारखाने फार वाढू न देता त्यांचे विभाजन करण्याकडे अधिक लक्ष दिले.

डॉन होसे मारिया यांचे हृदय तोवर थकले होते. २९ नोव्हेंबर १९७६ रोजी मोंद्रागोन येथेच त्यांचे देहावसान झाले. पस्तीस वर्षे ते सहायकच राहिले. कोणत्याही सहकारी संस्थेत त्यांनी अधिकारपद घेतले नाही. तंत्रशाळेतील आपल्या खोलीत बसून सल्ला देणे, संस्थांच्या मासिकात लिहिणे, आणि सायकल जाऊन तिच्या जागी आलेल्या लहानशा मोटारसायकलीवरून फिरणे, असा त्यांचा क्रम होता. १४ डिसेंबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या सद्गुणांना मान्यता दिली आणि संतपदाच्या वाटेवरील 'पूज्य' ही उपाधी त्यांच्या नावामागे लागली. कारखानदारी उभारल्याबद्दल नव्हे, हे सांगावयास नको. पण ती वगळून त्यांचे चरित्र सांगताही येणार नाही.

त्यांच्या मागे पसारा वाढतच गेला. १९८७ मध्ये सर्व संस्थांनी मिळून आपली दहा मूलतत्त्वे निश्चित केली. १९९१ मध्ये त्यांचा संयुक्त महासंघ झाला. वीस मुलांच्या शाळेतून १९९७ मध्ये विद्यापीठ निघाले. आज या समूहात सुमारे ७० हजार माणसे काम करतात. सारे काही कायम राहिले असे मात्र नाही. 'ओरोना' आणि 'उल्मा' या दोन मोठ्या संस्थांच्या सभासदांनी डिसेंबर २०२२ मध्ये मतदान करून समूह सोडला. ज्या घटनेने एकत्र येण्याचे मत दिले, तिनेच निघून जाण्याचेही दिले होते.

दुसरी परीक्षा अधिक कठोर ठरली. उल्गोरचे नाव कालांतराने 'फागोर' झाले होते; शीतकपाटे, धुलाईयंत्रे, शेगड्या बनविणारी ती युरोपातील एक मोठी कंपनी होती. जागतिक स्पर्धेत टिकण्यासाठी तिने पोलंडमधील कारखाना घेतला, २००५ मध्ये फ्रान्समधील 'ब्रांड्ट' ही कंपनी घेतली. २००८ मध्ये स्पेनमधील घरबांधणीचा फुगा फुटला. नवी घरे नाहीत तर शेगड्या कोण घेणार? भगिनी संस्थांनी आपल्या सभासदांच्या वेतनातून कपात सोसून कोट्यवधी युरो पुरविले. २०१३ च्या शरद ऋतूत कर्ज ८० कोटी युरोंहून अधिक झाले, तेव्हा समूहाने यापुढे पैसा न देण्याचा निर्णय घेतला, आणि १९५६ मधील ते पहिले रोप उन्मळून पडले. गावातील निवृत्तांनी तिच्या रोख्यांत गुंतविलेली बचतही अडकली. ज्या गावाने काय बनणार हे न विचारता पैसे दिले होते, त्याच्या नातवंडांनी दारात उभे राहून ते परत मागितले.

त्यानंतर जे घडले ते आम्हांला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलके वाटते. बास्क प्रदेशात फागोरचे सुमारे एकोणीसशे सभासद होते. इतरत्र कारखाना बुडाला की कामगार रस्त्यावर येतात. येथे लागुन-आरोने बाकीच्या संस्थांमध्ये जागा शोधल्या. कोठे तात्पुरत्या, कोठे कायमच्या, कोठे घरापासून तासाभराच्या अंतरावर. काहींना मुदतपूर्व निवृत्ती दिली. बहुतेकांची सोय लागली. यंत्रे जोडणारा माणूस सुपर-बाजारात सामान लावू लागला, पण तो सभासद राहिला आणि त्याचे मत राहिले.

पोलंडमध्ये आणि फ्रान्समध्ये त्याच नावाची यंत्रे जोडणारे जे हजारो होते, त्यांचे तसे नव्हते. ते कधीच सभासद नव्हते. करार मजुरीचा होता, अग्रिमाचा नव्हे. कारखाने विकत घ्यावेत की नाहीत यावर मोंद्रागोनमध्ये जे मतदान झाले त्यात त्यांना मत नव्हते, आणि ते बंद करण्याच्या वेळीही नव्हते. लागुन-आरोच्या यादीत त्यांची नावे नव्हती. १९४३ साली कंपनीच्या शाळेचे दार ज्यांच्या मुलांना बंद होते, त्यांच्यासाठी गावाने पेट्या मांडल्या होत्या. व्रोत्स्वाफच्या रस्त्यावर तशी पेटी अद्याप कोणी मांडलेली नाही.